तिची रजा कोणी मंजूर करायची?

दिवाळीच्या तोंडावर आमच्या दापोऱ्यात एक वाक्य हमखास कानावर येतं. "यंदा त्यांनी घरासाठी आठवडाभर रजा टाकली हो!" बँकेत, शाळेत, बुऱ्हाणपूरच्या एखाद्या ऑफिसात नोकरीला असलेला पुरुष सात दिवस घरी राहतो. शिडी लावतो, भिंतींना रंग देतो, परसातलं गवत काढतो. शेजारीपाजारी येता-जाता बघतात. सासू नव्या सुनेला ऐकवते, "नशीब लागतं असा नवरा मिळायला." महिला मंडळात त्या घरच्या वहिनींकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं जातं, आणि वहिनीही थोडं लाजून हसतात.

माझी त्या माणसाबद्दल काही तक्रार नाही. हक्काची रजा पत्ते कुटण्यात किंवा मित्रांबरोबर फिरण्यात न घालवता जो घरात घालवतो, तो माझ्या लेखी भला माणूस. माझं भांडण आहे ते त्या कौतुकाशी. सात दिवसांच्या कामाचं एवढं कौतुक करताना आपण वर्षाच्या उरलेल्या तीनशे अठ्ठावन्न दिवसांबद्दल जे गप्प बसतो, त्या गप्प बसण्याशी आहे. आणि आपण बायकाच त्यात सगळ्यांत पुढे असतो, म्हणून हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहिते आहे.

आधी त्या आठवड्यात काय-काय होतं ते बघू या. पहिल्या दिवशी डिस्टेंपरचे डबे, ब्रश, घासायचा कागद येतो. मग खोली रंगते. गळणाऱ्या नळाचा वॉशर बदलला जातो, छतावरची टाकी धुतली जाते, माळ्यावरचं भंगार विकलं जातं. परसात कुंपणाची तार ताणली जाते, केळीची सुकलेली पानं काढली जातात, कुंड्यांची माती बदलते. सगळी कामं चांगली आणि गरजेची आहेत. पण त्यांच्यात एक सारखेपणा आहे. ही कामं संपतात. एकदा केली की वर्षभर पुन्हा बघावी लागत नाहीत. आणि ती दिसतात. रंगवलेली भिंत आल्या-गेल्याला दाखवता येते, फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकता येतो. खाली पंचवीस अंगठे आणि हात जोडलेली चित्रं येतात.

आता त्याच आठवड्यात वहिनींनी काय केलं? खोली रंगवायच्या आधी फडताळं रिकामी त्यांनी केली. भांडी, डबे, कपडे, पोथ्या उचलून दुसऱ्या खोलीत नेल्या. जळमटं काढताना कोळी, पाल, मुंग्या मरू नयेत म्हणून मऊ कुंच्याने एकेक जीव अलगद बाजूला केला, कारण ते बघायचं असतं हे शिडीवरच्या माणसाच्या ध्यानातही नसतं. रंग झाल्यावर फरशीवरचे थेंब ओल्या फडक्याने त्यांनीच खरवडले. एरवी साहेब डबा घेऊन जातात, या आठवड्यात घरी, म्हणजे दोन्ही वेळा गरम जेवण आणि मधे चार वेळा चहा. शिवाय शिडीवरून हाका चालूच असतात. "पाना कुठे आहे? जुनी चादर दे. इथे जरा धर." तो रजेवर होता त्या सात दिवसांत तिचं काम कमी झालं नाही, वाढलं. आणि फोटोत ती नव्हती. ती फोटो काढत होती.

घरातली बहुतेक कामं न संपणारी असतात. भांडी घासली की पुढच्या जेवणाला पुन्हा खरकटी होतात. झाडलेलं अंगण संध्याकाळपर्यंत पुन्हा पाचोळ्याने भरतं. या कामाचा फोटो काढता येत नाही, कारण ते केलं की काहीच दिसत नाही. केलं नाही तरच दिसतं. त्यात आपली जैन घरं. पाणी दिवसातून दोनदा-तीनदा गाळायचं, जिवाणी नीट जागच्या जागी पोचवायची. डाळ, तांदूळ, गहू दाणा-दाणा निवडायचे. पालेभाजी पान-पान उलटून बघायची. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, तर मग कडधान्य आदल्या रात्रीच आठवून भिजवायचं. कार्तिकात सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो. त्याच्या आत घरातल्या सगळ्यांचं जेवण झालं पाहिजे, आणि जो बाहेर आहे त्याचा दुसरा डबा सकाळीच बरोबर गेला पाहिजे. पर्युषणात कोणाचा एकासना, कोणाचा उपवास, कोणाचं पारणं. प्रत्येकाची वेळ वेगळी, प्रत्येकाचं ताट वेगळं, आणि ते सगळं एकाच बाईच्या डोक्यात.

घराघरातली अहिंसा पाळली जाते ती या हातांनी. व्याख्यानात ती आपण ऐकतो, पण पाण्याच्या गाळण्यापाशी आणि धान्याच्या सुपापाशी ती रोज कोण करतं, हे कोणी विचारत नाही. तिला त्यातून रजा नाही. तिने आठवडाभर स्वयंपाकघराला सुट्टी दिली, तर घराचा धर्मच बंद पडेल. मग हा धर्म घराचा म्हणायचा की एकट्या तिचा?

काही जणी म्हणतील, आता दिवस बदलले, बायकाही नोकरी करतात, त्यांनाही रजा असते. असते ना. पण ती कशात जाते ते बघा. शाळेतल्या बाईंची रजा मुलाच्या तापात जाते, सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनात जाते, नणंदेच्या बाळंतपणात जाते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की पापड, कुरडया, बिबडे आणि वर्षाचं धान्य वाट बघत असतंच. दिवाळीची सुट्टी साफसफाई, फराळ आणि निर्वाणलाडू यांत संपते. म्हणजे ऑफिसातून रजा घेऊन ती दुसऱ्या कामावर हजर होते. तिने घरासाठी आठवडाभर रजा टाकली, तर गल्लीत कोणी उभं राहून कौतुक करतं का? तो टाकतो तेव्हा त्याग असतो, ती टाकते तेव्हा रीत असते.

आणि ज्यांना रजा हा शब्दच परवडत नाही त्यांचं काय? आपल्या भागातल्या केळीच्या बागांत, कपाशीच्या शेतात रोजंदारीवर जाणाऱ्या बायकांना एक दिवस घरी राहणं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणं. पावसाने काम बंद राहिलं, तर तो दिवस गळकं छप्पर, ओलं सरपण आणि साचलेलं धुणं यांतच जातो. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशीलाही सण असतो, आणि आपल्याच घरच्या सणात आपण तिला दुप्पट बोलावतो. रजेचा प्रश्न फक्त माझ्या-तुमच्या स्वयंपाकघराचा नाही.

आता थोडा हिशोब. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर एक पाहणी केली. लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची. सहा वर्षांवरच्या शंभर बायका-मुलींपैकी सुमारे ८१ जणी दिवसभरात घरचं बिनपगारी काम करत होत्या. शंभर पुरुषांत असे सुमारे २६ निघाले. म्हणजे चारांतल्या तिघांनी त्या दिवशी घरात एक काडीही इकडची तिकडे केली नव्हती. जे काम करत होते त्यांच्यातही बायकांचा वेळ सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७. पुढे २०२४ मध्ये हीच पाहणी पुन्हा झाली. बायका २८९ मिनिटांवर आल्या. पुरुष कुठे पोचले? ८८ वर. बाईची दहा मिनिटं वाचली खरी, पण ती पुरुषाने उचलली नाहीत. त्याचीही नऊ मिनिटं कमीच झाली.

आपल्याला मिनिटांपेक्षा सामायिकाचं माप जास्त कळतं. एक सामायिक म्हणजे दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे सहा सामायिकं. पुरुषाच्या ८८ मिनिटांत दोनही पुरी बसत नाहीत. मंदिरात, स्थानकात आपल्याला सांगितलं जातं की रोज निदान एक सामायिक करा, स्वाध्याय करा. बायका माना डोलावतात आणि घरी येऊन कणीक मळायला बसतात. सहा सामायिकांचा वेळ रोज चूल आणि मोरी घेऊन जाते, मग सातवं कुठून आणायचं? स्वाध्याय हे अंतरंग तप आहे, ते पुरुषालाही सांगितलंय आणि स्त्रीलाही. त्याला निवांत वेळ लागतो, सलग वेळ लागतो. दर पाच मिनिटांनी "अगं, ऐकलं का?" अशी हाक येत असेल तर स्वाध्याय होत नाही, पानं उलटली जातात एवढंच.

यावर ठरलेलं उत्तर असतं. "घरचं काम म्हणजे सेवा. सेवेचा कसला हिशोब?" फार गोड वाटतं ऐकायला. पण आपल्याकडे सेवेलाही शास्त्रात नाव आणि जागा आहे. वैयावृत्त्य. तेही सहा अंतरंग तपांतलं एक. आजाऱ्याची, वृद्धाची, थकलेल्याची सेवा. हे तप फक्त सुनांनी करावं असं कुठे म्हटलंय? कर्माची निर्जरा जर सेवेने होत असेल, तर घरातल्या पुरुषांनी एवढी मोठी संधी आपल्या बायकांना उदारपणे का सोडून दिली, हे त्यांनाच विचारलं पाहिजे.

दुसरं उत्तर, "आम्ही बाहेर राबतो की." राबता, मान्य. उन्हात, गर्दीत, साहेबाची बोलणी खात राबता. पण तुमच्या राबण्याला संध्याकाळ असते, रविवार असतो, आणि साठी-बासष्टीला निवृत्ती असते. त्या दिवशी हार, शाल, नारळ मिळतो, भाषणं होतात. आणि सत्काराला आलेल्या पाहुण्यांचा स्वयंपाक जी करते, तिच्या निवृत्तीची तारीख कोणाच्या कॅलेंडरात आहे?

तो रविवारही काही आभाळातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना पूर्वी आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत हजारो कामगारांची सभा झाली, त्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि वीस दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा कामगाराच्या हक्काची केली. म्हणजे ज्या रजेत आज भाऊजी भिंत रंगवतात, ती कोणीतरी भांडून मिळवलेली आहे. मागितल्याशिवाय मिळालेली नाही. आणि गंमत बघा, गिरणीला रविवार मिळाला तेव्हा कामगाराच्या घरी काय झालं असेल? नवरा, मुलं सगळे घरी. तिला रविवारी जास्तच काम.

तिची सुट्टी बायकांनीच कशी घेतली, याचं एक उदाहरण फार लांबचं आहे, पण सांगण्यासारखं आहे. आइसलंड नावाच्या छोट्याशा देशात २४ ऑक्टोबर १९७५ या दिवशी सुमारे नव्वद टक्के बायकांनी काम करायचं नाही असं ठरवलं. नोकरीचं नाही आणि घरचंही नाही. शाळा, माशांचे कारखाने, दुकानं अडली. बाप मुलांना हाताला धरून ऑफिसात घेऊन गेले. तिथल्या लोकांचं खाणं, तिथलं हवामान, सगळं आपल्याहून वेगळं, पण त्या दिवशी पुरुषांना जे कळलं ते इथेही कळेल. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या संसदेने स्त्री-पुरुष समान हक्काचा कायदा केला आणि १९८० मध्ये त्या देशाने एका स्त्रीला राष्ट्राध्यक्ष निवडलं. एक दिवस चूल थंड राहिली, त्याचा हा परिणाम.

आपल्याकडे घरच्या कामाची किंमत ठरत नाही असं नाही. ठरते, पण कधी ते ऐका. गृहिणी अपघातात गेली आणि नुकसानभरपाईचा दावा लागला, की न्यायालयात तिच्या कामाचा हिशोब होतो. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या कोष्टकात बिनकमाईच्या पत्नीचं उत्पन्न नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश धरलेलं होतं. २०१० मध्ये अशाच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नाराजी नोंदवली की २००१ च्या जनगणनेने गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या बरोबरीने 'काम न करणारे' या रकान्यात टाकलं. मग जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एका खटल्यात २०११ च्या जनगणनेचा आकडा सांगितला. घरकाम हाच आपला मुख्य उद्योग, असं सांगणाऱ्या बायका जवळपास १६ कोटी, आणि पुरुष ५८ लाखांच्या आत. घरातलं काम हे देशाच्या अर्थव्यवस्थेत भर घालणारं काम आहे, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. न्यायाधीशांचे आभारच मानले पाहिजेत. पण बाई जिवंत असताना जे घर म्हणतं "तू दिवसभर करतेस काय?", तेच घर ती गेल्यावर वकिलाकरवी तिच्या कामाची यादी देतं. ती यादी तिच्या हयातीत कोणी वाचली असती तर?

आता आपल्याकडे वळते, कारण सगळा दोष पुरुषांवर टाकून चालणार नाही. "मी करू देत नाही हो त्यांना, त्यांना जमत नाही," असं अभिमानाने सांगणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. त्याने चहा केला तर साखर जास्त, भांडी घासली तर ओटा ओला. मग आपण ते हातातून काढून घेतो. बँकेत पहिल्या दिवशी त्याची बेरीज चुकली असेल, तेव्हा साहेबाने खातेवही काढून घेऊन त्याला घरी नाही पाठवलं. चुकत-चुकत शिकू दिलं. घरातही वरण दोनदा करपू द्या. तिसऱ्यांदा नाही करपणार. आणि मुलगा घरकाम करताना दिसला की "बायकोचा बैल" म्हणणारी जीभ बहुतेक वेळा बाईचीच असते. ती आधी आवरा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्या भाऊला खरोखर घरासाठी आठवड्याची रजा टाकायची आहे, त्याने जरूर टाकावी. पण भिंत नंतर. आधी न संपणारं काम घ्यावं. सात दिवस सकाळचं पाणी गाळण्यापासून सूर्यास्ताआधीच्या ताटापर्यंत सगळं त्याच्याकडे. फक्त हातांचं काम नव्हे, डोक्याचंही. आज काय करायचं, तिथी कोणती, दूध किती, गॅस कधी संपेल, आईची गोळी कोणत्या वेळची, हे सगळं त्याने लक्षात ठेवायचं, तिला न विचारता. आणि त्या सात दिवसांत ती घरात नसावीच. माहेरी जावी, मैत्रिणींबरोबर यात्रेला जावी, नाहीतर अर्धवट राहिलेलं पुस्तक घेऊन बसावी. ती घरात असली की दुसऱ्या दिवशी दुपारीच हाक येईल, "जिरं कुठे ठेवलंस?"

आठवडा संपल्यावर त्यातलं निदान एक काम त्याच्याकडे कायमचं राहावं. रोजचं पाणी गाळणं असो, रात्रीची भांडी असोत, कपड्यांच्या घड्या असोत. कोणतंही एक, पण रोज, सणाला आणि आजारपणातही. वर्षातला एक आठवडा पाहुण्यासारखं राबण्यापेक्षा रोजची पाऊण तासाची वाटणी घराला जास्त उपयोगाची. त्या पाऊण तासात तिचं एक सामायिक होतं.

आणि महिला मंडळाच्या सगळ्या ताईंना एक विनंती. पुढच्या वेळी कोणी सांगितलं की "यांनी घरासाठी आठवडाभर रजा टाकली", तर कौतुक जरूर करा. मग लगेच तिथेच विचारा, "आणि वहिनी, तुमची रजा कधी?" ती हसून टाळेल, विषय बदलेल. तिला टाळू देऊ नका. तारीख विचारा. तारीख ठरली की त्या दिवसांचा घरच्यांचा डबा आपण पुरवू नका, तिच्या नवऱ्यालाच करू द्या. आणि तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशीलाही आठवड्याची एक पगारी सुट्टी याच महिन्यापासून द्या. तिची रजा मंजूर करणं तर पूर्णपणे तुमच्याच हातात आहे.